सायकलची मूठ



सायकल विकत घेतांना आपण चौकट पाहतों, चाकें पाहतों, गिअर किती आहेत तें विचारतों. परंतु ज्या दोन वस्तू साऱ्या प्रवासभर आपल्या हातांत राहावयाच्या, त्या हँडलच्या मुठींकडे बहुधा कोणाचें लक्षच जात नाहीं. आपल्या कोंकणांतील शेतकऱ्याची रीत याहून शहाणपणाची आहे. कोयतीचें पातें तो लोहाराकडून घेतो. पण तिची मूठ आपल्या पंजांत नीट बसते कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून ती कामाला लावीत नाहीं. हाच विचार सायकलीच्या बाबतींत कसा करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील पाली हें गांव या विषयास फार सोयीचें आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथून लांज्याकडे जातो, आणि कोल्हापूरचा रस्ता नाणीज, साखरपा यांवरून आंबा घाटाकडे निघतो. महामार्ग सोडून एखाद्या वाडीकडे वळलें कीं जांभ्या दगडाची खडबडीत वाट, तांबडी माती आणि मधूनमधून उघडा कातळ. डोंगरी सायकल अशाच वाटांकरितां जन्मास आली. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत कॅलिफोर्नियांतील माउंट टॅमल्पायस या डोंगराच्या उतारांवर जुन्या, जड सायकली पिटाळणाऱ्या तरुणांनीं तिला रूप दिलें, आणि १९७७ सालीं जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं चौकट बांधली.

अशा वाटेवर प्रत्येक खड्ड्याचा हादरा चाकांतून हँडलमध्यें आणि हँडलमधून तळहातांत उतरतो. तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्याखालून, मनगटापाशीं, एका अरुंद वाटेनें एक महत्त्वाचा मज्जातंतु जातो. फ्रेंच शल्यवैद्य गियों यानें १८६१ सालीं त्या वाटेचें वर्णन केलें. हा तंतु करंगळीला व अर्ध्या अनामिकेला संवेदना देतो आणि पंजांतील बहुतेक लहान स्नायूंना चालवितो. त्यावर शरीराचा भार आणि हादरे तासन् तास पडत राहिले, तर प्रथम बोटांस मुंग्या येतात, मग बधिरता येते, आणि शेवटीं पकडच ढिली होते. हा केवळ सुखासीनतेचा प्रश्न नव्हे. आंबा घाट उतरतांना ज्या हातानें ब्रेक आवळावयाचा, तोच हात बधिर झाला, तर त्याची किंमत काय मोजावी लागेल, हें सांगावयास नको.

आतां निवड कशी करावी तें पाहूं. पहिली गोष्ट जाडी. हँडलच्या नळीचा व्यास टोकाकडे सुमारे २२ मिलिमीटर असतो. मूठ चढविल्यावर तो साधारण ३० ते ३४ मिलिमीटर होतो. मूठ सहज धरली असतां बोटांचीं टोकें अंगठ्याच्या बुडाजवळ यावींत. तीं तळव्यांत रुतलीं, तर मूठ बारीक. फार दूर राहिलीं, तर मूठ जाड, आणि ती आवळून धरतां धरतां कोपरापर्यंतचा हात शिणतो. अधिक जाड म्हणजे अधिक मऊ, हा समज सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट आकार. गोल मूठ हात हलवावयास मोकळी ठेवते. जिच्या बाहेरच्या टोकाला पंखासारखा पसरट भाग असतो, ती तळहाताचा भार अधिक जागेवर वांटते; लांबच्या, संथ प्रवासाला ती चांगली. मात्र तो पंख योग्य कोनांत बसवावा लागतो. तो फार वर किंवा फार खालीं झाला, तर मनगट मोडतें आणि उपायाचाच अपाय होतो. मनगट कोपरापासून सरळ रेषेंत राहावें, ही कसोटी.

तिसरी गोष्ट द्रव्य. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, आणि उरलेल्या काळांत घाम. स्पंजासारखी मूठ हाताला गोड लागते. पण ती पाणी पिऊन जड होते व लवकर फाटते. खांचा पाडलेली, मध्यम मऊ रबरी मूठ ओल्या हातांतहि निसटत नाहीं. तेल, ऊन व घाम यांनीं चिकट झालेली मूठ मात्र बदलावीच.

चौथी गोष्ट बसवणूक. नुसती ओढून बसविलेली मूठ पाण्यानें सैल होऊन फिरूं लागते. उतारावर हें फार धोक्याचें. पेंच आवळून पक्की करण्याची मूठ या दृष्टीनें खात्रीची. नळीच्या उघड्या टोकाला बूच अवश्य असावें. पडतांना उघडी नळी पोटांत घुसून मुलांना गंभीर इजा होतात.

एवढें करूनहि हात दुखत असेल, तर दोष मुठींतच आहे असें समजूं नये. बैठक पुढें कललेली असली, किंवा हँडल फार खालीं असलें, तर शरीराचा भार हातांवर येतो; तें आधीं सुधारावें. टायरमधील हवा प्रमाणाबाहेर भरूं नये. १८८८ सालीं डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तिचाकीला हवेची धाव बसविली, ती हादरे कमी करण्यासाठींच. वाटेंत वरचेवर हाताची जागा बदलावी. आणि बधिरता विश्रांतीनंतरहि कायम राहिली, तर दुकानदाराकडे न जातां वैद्याकडे जावें.

नव्या सायकलीच्या मानानें मुठींचा खर्च अगदीं थोडा. म्हणून पुढच्या खेपेस दुकानांत गेल्यावर डोळे मिटून मूठ धरून पाहा, आणि हाताचें मत आधीं विचारा.