मार डोक्याचा, धोका मागाहून



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाळूज-चिकलठाण्याच्या गेटांवर आणि घाटी रुग्णालयाच्या बाकड्यांवर झाले. तेथे जे पाहिले आणि डॉक्टरांना विचारून जे पक्के करून घेतले, तेवढेच सांगणार आहोत.

कामगार शिडीवरून पडतो. क्षणभर भोवळ येते, मग उठतो, पाणी पितो आणि म्हणतो, "काही नाही झालं, भाऊ." सुपरवायझरही खूश; अपघाताची नोंद टळली! त्याला खोलीवर धाडतात. खोलीतले सोबती रात्रपाळीला गेलेले. तो एकटा निजतो, आणि सकाळी हाक मारली तर उठत नाही.

असे का व्हावे? कानशिलाजवळचे हाड पातळ असते. ते तडकले की आतून जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. रक्त कवटीच्या आत साचते. कवटी काही फुगत नाही. दाबला जातो तो मेंदू. हे साचायला कधी काही तास लागतात, आणि त्या तासांत माणूस चालतो, बोलतो, चहासुद्धा पितो. वरून खोक नसली तरी हे घडते.

क्रिकेटचे शौकीन येथे पुष्कळ असतील. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोसला आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर ग्रिफिथचा चेंडू बसला. ते चालत तंबूत परतले; प्रकृती बिघडली ती नंतर. तातडीने शस्त्रक्रिया करून मेंदूवरचे रक्त काढले, म्हणून ते वाचले. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, तसे आपले बोर्डे आणि नाडकर्णीही होते.

तेव्हा पाहायचे काय? डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी, हाक मारून न उठणारी गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, नाकाकानांतून रक्त किंवा पाणी येणे. यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करावा आणि जेथे सी. टी. स्कॅन आहे तेथेच न्यावे. बाहुलीची वाट पाहत बसू नये. ती खूण उशिरा येते.

"प्यायलाय, झोपू द्या," हे वाक्य तर आम्हांला फार भिववते. दारूची गुंगी आणि रक्तस्रावाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. म्हाताऱ्या माणसांचे आणखी निराळे: न्हाणीघरात घसरल्यावर दोनतीन आठवड्यांनीही ती विसरू लागतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर खूण दिसण्याचीही वाट न पाहता दाखवावे.

कारखानदारांकडे आमचे मागणे एवढेच, की डोक्याला मार लागलेल्यास एकटा घरी धाडू नये, आणि सोबतच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: मार किती वाजता लागला, शुद्ध हरपली होती काय, उलटी झाली काय. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, आणि पोचवायला आलेल्या वॉचमनला यातले काहीच ठाऊक नसते.