शिकवणार कोण?



गावात इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांनी महिन्यातून एकदा जमावं, अशी टूम कुणी काढली की लगेच विचारणा होते, ‘शिकवणार कोण?’ मग तज्ज्ञाचा शोध, मानधन, सभागृह, आणि तिथेच सगळं बारगळतं. म्हणून आज एका जुन्या गटाची हकिगत सांगतो.

५ मार्च १९७५. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. निमित्त होतं ऑल्टेअर ८८०० या संगणकाचं. त्याचे सुटे भाग टपालाने यायचे, जोडणी ज्याची त्याने करायची. ना कीबोर्ड, ना पडदा. समोर खटक्यांच्या रांगा आणि मिणमिणते लाल दिवे. मूळ मेमरी २५६ बाइटची, म्हणजे मराठीतलं एखादं वाक्य जेमतेम मावेल एवढी. असलं यंत्र घेऊन करायचं काय, हे विकणाऱ्यालाही नीट सांगता आलं नसतं!

थोड्याच दिवसांत स्टीव्ह डॉम्पिअर नावाच्या सभासदाने आपला ऑल्टेअर बैठकीला आणला. एकेक खटका वरखाली करत प्रोग्रॅम भरायला घेतला. तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, वीज तुटली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. बिचाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून भरलं. आणि मग शेजारी ठेवलेल्या साध्या रेडिओतून बीटल्सच्या गाण्याची चाल ऐकू आली. संगणकाला स्पीकर नव्हताच. आपल्याकडे मिक्सर लावला की आकाशवाणी खरखरते ना, तशीच ऑल्टेअरमुळेही रेडिओत खरखर व्हायची. या पठ्ठ्याने तिलाच प्रोग्रॅमने वेसण घालून सूर काढले होते. पुढे ती युक्ती त्याने छापून सगळ्यांना देऊन टाकली.

गॅरेजमध्ये जमलेला हा गट म्हणजेच होमब्रू कॉम्प्युटर क्लब. बैठकीत एकेकाने उठून आपण काय करतोय, कुठे अडलंय ते सांगायचं आणि नंतर ज्याला ज्याची गरज त्याने त्याला गाठायचं, अशी रीत तिथे पडली. स्टीव्ह वॉझ्निअॅक पहिल्या बैठकीपासून येत. आपल्या संगणकाच्या आराखड्याच्या प्रती त्यांनी तिथे फुकट वाटल्या. १९७६ साली त्याच आराखड्यातून अॅपल कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी बिल गेट्स यांनी छंदिष्टांना खरमरीत जाहीर पत्र लिहिलं: आमचं बेसिक हे सॉफ्टवेअर तुम्ही पैसे न देता वापरता, ही चोरी आहे. त्यांचं म्हणणं गैर नव्हतं, असं माझं मत आहे. स्वतःचं वाटावं, दुसऱ्याचं वाटू नये. गटात हे पहिल्याच दिवशी ठरलेलं बरं.

अमेरिकेचं कौतुक पुरे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे हाताने काम करत शिकू लागली. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवून पाहण्याची कार्यशाळा, झाली तीही याच पाबळला. तिथे शिकणाऱ्या मुलांना कुणी आधी पदवी विचारली नव्हती.

आपणही असंच जमू. आपल्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी फक्त सोल्डरिंग, म्हणजे डाख देऊन भाग जोडणं, घ्यावं, असं मी सुचवेन. नवशिके डाखाची तार वितळवून वरून थेंब सोडतात. तसं नाही, आधी भागाचा पाय आणि तो जिथे जोडायचा ती तांब्याची पट्टी, दोन्ही तापवायची, मग तार टेकवायची, म्हणजे धातू आपोआप पसरतो. सांधा गोळ्यासारखा नुसता वर बसला, तर तो ड्राय सोल्डर. बंद पडलेल्या कितीतरी रेडिओंचं दुखणं एवढंच असतं, आणि ते दहावीतली मुलगीही शोधू शकते.

तेव्हा येत्या रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत या. घरातलं बंद पडलेलं काहीतरी घेऊन या. मायक्रोवेव्ह आणि पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही मात्र आणू नका, घरीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल एवढा विद्युतभार राहू शकतो.