पाहणारा कोणी नव्हता, तेव्हा



कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांतून येणारे अशील मला वारंवार विचारतात, "वकीलसाहेब, रात्री ते आमच्या दारात चालून आले, आम्हीही काठी उचलली. पाहणारा कोणी नव्हता. आता आमचे कोण ऐकणार?"

कायदा ऐकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ या कलमांत होता. हा बचाव शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो हे खरे. तथापि सरकार पक्षाला गुन्हा निःसंशय शाबीत करावा लागतो, आरोपीला मात्र आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढेच दाखवावयाचे असते. त्यासाठी स्वतःचा साक्षीदार हवाच असे नाही. सरकारी साक्षीदारांचा उलटतपास, पंचनामा, डॉक्टरांचा दाखला यांतूनही ते दाखविता येते.

मुंबईचा नानावटी खटला आपण ऐकला असेल. १९५९ साली बंद खोलीत दोघेच होते. त्यांतला एक मेला. तेथे बचाव झटापटीत अपघाताने गोळी सुटल्याचा होता, पण प्रश्न हाच. साक्षीदार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालय थांबले नाही. मृताच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता. मग झटापट झाली कशी? १९६१ साली शिक्षा कायम झाली. मुकी वस्तू बोलली ती आरोपीच्या विरुद्ध. ती बाजूनेही बोलू शकते.

म्हणूनच आपल्या अंगावरील जखमेला मोल आहे. त्याच मारामारीत आरोपीला झालेली जखम सरकार पक्षाने उलगडून दाखविली नाही, तर त्याच्या हकिगतीविषयी संशय उत्पन्न होऊ शकतो, हे लक्ष्मीसिंग विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९७६ साली सांगितले गेले. किरकोळ ओरखड्याला मात्र हे लागू नाही. माझा एक अशील नवव्या दिवशी आला. डोक्याची खोक भरून आली होती, दाखला नव्हता, आणि समोरच्यांची फिर्याद त्याच रात्री नोंदली गेली होती! मी काय दाखविणार होतो?

अटक झाल्यास डॉक्टरांकडून तपासणी होते. तिच्या अहवालाची प्रत मिळण्याचा आपणांस हक्क आहे, ती मागा. आपली फिर्यादही त्याच रात्री द्या. तिची नक्कल विनामूल्य मिळते. आणि पळणाऱ्याच्या पाठीवर मारू नका. हल्ला संपला की हक्कही संपतो, आणि पाठीवरचा घाव डॉक्टरांच्या कागदावर पाठीवरचाच लिहिला जातो.