औषधांची बेगमी



मृग नक्षत्र लागण्यापूर्वी धान्य, डाळी, तिखट-मीठ, पापड आणि सरपण यांची बेगमी करून ठेवावयाची, हा आपल्याकडील जुना रिवाज. किती पायली धान्य किती तोंडांना किती दिवस पुरेल, याचा हिशेब माझ्या आजीच्या बोटांवर असे. त्या बेगमीत औषधांचे स्थान सुंठ, ओवा, वेखंड यांपुरतेच होते. आज रक्तदाबाची वा मधुमेहाची रोजची गोळी अनेक घरांत तांदळाइतकी नित्याची झाली आहे. पण तिचा हिशेब मात्र आपण मिठाच्या बरणीइतकाही ठेवीत नाही. म्हणून घरी औषधे किती असावीत, या साध्या प्रश्नाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

नोकरीच्या निमित्ताने मी कलकत्त्याला लागून असलेल्या न्यू टाउनमध्ये राहतो. राजारहाटच्या शेतांवर आणि पाणथळ जमिनीवर आखून-रेखून वसविलेले हे नगर. रस्ते रुंद, दुकाने सुसज्ज, विमानतळ जवळ. अशा ठिकाणी एखादी वस्तू मिळणार नाही, असे मनातही येत नाही. 2020 च्या मे महिन्यात माझ्याही मनात आले नव्हते. टाळेबंदी चालू होती, तरी औषधांची दुकाने उघडी होती. माझ्या वृद्ध आईला अपस्माराची गोळी दिवसातून दोनदा लागते. सोमवारी ती म्हणाली, “अरे, गोळ्या संपत आल्यात.” मी म्हणालो, “उद्या आणतो.” मंगळवार कचेरीत वादळाच्या तयारीत गेला. बुधवारी, 20 मे रोजी, ‘अम्फान’ चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले आणि सायंकाळी कलकत्त्यावरून गेले. सकाळी पाहतो तो वीज नाही, नळाला पाणी नाही, दूरध्वनी मुका, आणि रस्त्यांवर उन्मळून पडलेली झाडे. विमानतळावरही पाणी साचले होते.

शुक्रवारी पहाटे आईला झटका आला. तो थोड्या वेळात शमला. पण ती मिनिटे मी विसरलेलो नाही. नंतर पाकीट पाहिले, तेव्हा उलगडा झाला. सोमवारपासूनच ती गोळी मोडून अर्धी घेत होती. मी विचारले, तेव्हा म्हणाली, “तू कामाच्या गडबडीत. म्हटलं, पुरवून घेऊ.” खालच्या मजल्यावरील एका बंगाली गृहस्थांच्या मुलीला तेच औषध, त्याच मात्रेचे चालू होते. चिठ्ठीशी नाव आणि मात्रा ताडून पाहून त्यांनी एक पाकीट माझ्या हाती ठेवले. “मासिमांसाठी,” एवढेच ते बोलले. त्यांच्याजवळ महिन्याची शिल्लक होती, म्हणूनच त्यांना देता आले.

पश्चात्तापाच्या भरात मी दुसऱ्या टोकाला गेलो. सहा महिन्यांच्या गोळ्या आणून कपाट भरले. दोन महिन्यांत डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि तो साठा निरुपयोगी ठरला. साठेबाजीचा दुसराही दोष आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर चालते, अशी हवा उठली आणि लोकांनी ते भराभर विकत घेतले. संधिवाताच्या ज्या रुग्णांना ते खरोखर लागे, त्यांनाच ते मिळेनासे झाले. अखेर सरकारला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. एकाच्या कपाटातील अतिरेक हा दुसऱ्याच्या घरातील तुटवडा असतो.

मग प्रमाण कोणते? कोठारावरील कारकून वापरतो तेच. नवा माल येण्यास अधिकांत अधिक किती दिवस लागतील, ते पाहावे. डॉक्टरांची भेट, दुकानदाराकडे माल नसणे, पूर, संप, सण, प्रवास ही सारी कारणे हिशेबात धरता साधारण दोन आठवड्यांची शिल्लक घरी असावी. म्हणजे पाकीट संपल्यावर नव्हे, तर पंधरा दिवसांचे उरले असतानाच नवे आणावे. गाव दूर असेल वा औषध सहजी मिळत नसेल, तर ही शिल्लक महिन्याची करावी. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे.

सर्वच औषधे सारखी नसतात. थायरॉइडची गोळी एखाद-दुसरा दिवस चुकली, तर सहसा अनर्थ होत नाही; कारण तिचा अंश शरीरात अनेक दिवस टिकतो. अपस्माराची औषधे, इन्सुलिन, स्टेरॉइड, हृदयगती आवरणाऱ्या काही गोळ्या ही मात्र एकाएकी बंद होता कामा नयेत. आपले औषध कोणत्या वर्गातले, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात लागते. गोठले तर ते टाकून द्यावे. वीज गेल्यास काय करावयाचे, हेही आधी ठरवावे. ओल्या मातीच्या मडक्यातील गारवा अशा वेळी बराच उपयोगी पडतो. झोपेच्या वा तीव्र वेदनाशामक गोळ्यांचा साठा मात्र करूच नये. त्या कुलपातच बऱ्या.

कायद्याचीही बाजू आहे. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे, डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावयाचे असते. तेव्हा ‘किती महिने द्यावे’ हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे. त्यासोबत औषधाचे मूळ नावही लिहावे. कारण साताऱ्यास मिळणारे व्यापारी नाव बंगालमध्ये मिळेलच असे नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई आणि मी गोळ्या मोजतो. ती मोजते, मी वहीत लिहितो. शिल्लक पंधरा दिवसांवर आली की ती वही माझ्यापुढे सरकवते, आणि मी त्याच दिवशी दुकानात जातो. “उद्या आणतो” हे शब्द मात्र आमच्या घरातून कायमचे गेले आहेत.