मोठ्या विद्यापीठाचे दार आणि मास्तरांचे पत्र



मागे एका गावी व्याख्यानाला गेलो होतो. व्याख्यान आटोपल्यावर तिथले एक मास्तर जवळ आले नि म्हणाले, "सर, आमच्या शाळेतली एक मुलगी अमेरिकेतल्या हार्वर्डला अर्ज करीन म्हणते. हे जमण्यासारखं आहे, की आम्ही तिला उगाच आशा लावतोय?" उभ्या उभ्या पुरते उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आधी कटू भाग. हार्वर्ड हे १६३६ साली निघालेले खासगी विद्यापीठ. २०२४ साली तिथे पदवीच्या वर्गासाठी ५४ हजारांवर अर्ज होते. प्रवेश मिळाला दोन हजारांहूनही कमी जणांना. म्हणजे शंभरांत चारसुद्धा नाहीत! त्यातही सर्वांना तराजू एकच नाही. निवडक खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांच्या घरची मुले यांना झुकते माप मिळत आल्याचे २०१८ च्या एका गाजलेल्या खटल्यात कागदोपत्री उघड झाले. तेव्हा नकार आला, तर मुलीने आपल्यातच काही उणे आहे असे मानू नये.

मग आपल्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. पहिली गोष्ट गुणांची. चार वर्षांचा सातत्याचा अभ्यास पाहतात. मध्यंतरी ऐच्छिक केलेली 'सॅट'सारखी परीक्षा पुन्हा आवश्यक करण्याचे २०२४ साली ठरले. पण चांगले गुण असणारे हजारो असतात. गुणांनी उंबरठा गाठता येतो, इतकेच.

दुसरी गोष्ट निबंधाची. फार तर ६५० शब्दांत स्वतःविषयी लिहायचे. इथे भारी शब्द कामाचे नाहीत, आणि पैसे देऊन लिहवून घेतलेला निबंध तर नाहीच नाही. तिसरी गोष्ट, वर्गाबाहेरचे काम. ते वादसभा नि सतारवादनच असले पाहिजे असे नाही. धाकट्या भावंडांना सांभाळणे, शेतात राबणे हेही अर्जात लिहिता येते, आणि ते न लाजता लिहावे.

पैशाचे म्हणाल, तर प्रवेश ठरवताना घरची ऐपत पाहत नाहीत; परदेशी विद्यार्थ्याचीही नाही. निवड झाल्यावर गरजेपुरते साहाय्य विद्यापीठ देते. अर्जाची फीसुद्धा माफ होऊ शकते.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, हे खास तुमच्यासाठी. अर्जासोबत दोन शिक्षकांची पत्रे लागतात. या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली. माझ्या एका विद्यार्थ्यासाठी मी पत्र लिहिले: हुशार आहे, कष्टाळू आहे, आज्ञाधारक आहे. झाले! असे पत्र कुणालाही चालले असते. वर्गात तो एकदा माझी चूक दाखवायला उभा राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आला होता, हे मी लिहिलेच नाही. त्याला नकार आला. तो माझ्या पत्रामुळेच आला असे म्हणता येत नाही. पण मनाला रुखरुख लागली ती लागलीच. एक घडलेला प्रसंग दहा विशेषणांना भारी असतो.

आपल्याकडे याचा मोठा दाखला आहे. मुंबईच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकरांना कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने हेरले आणि पुढे सयाजीराव महाराजांपाशी त्यांच्यासाठी शब्द टाकला. कॉलेजला मदत मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया या खासगी विद्यापीठात दाखल झाले. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे. पण शब्द टाकणारा एक मास्तर होता.

तेव्हा मास्तर, त्या मुलीला अर्ज जरूर करू द्या. जोडीला आपल्याकडच्या चांगल्या कॉलेजांचेही अर्ज भरून ठेवा. आणि पत्र लिहायच्या आदल्या संध्याकाळी, ती तुम्हांला नेमकी कशामुळे आठवते, तेवढे आठवून बसा.