नोंद न ठेवण्याची काटकसर

काटकसर म्हटली की कोठार आटोपशीर करावे, हा विचार प्रथम सुचतो. परंतु कोठारात काय ठेवूच नये, हे ओळखणे हीही काटकसरच होय. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, त्याच्या इतिहासातील एक प्रसंग याची साक्ष देतो.

इंटरनेटवर दोन संगणकांचे संभाषण बहुधा तीन निरोपांनी सुरू होते. पाहुणा ‘येऊ का?’ असे विचारतो. यजमान ‘या’ म्हणून एक क्रमांक कळवतो. पाहुणा तो क्रमांक एकाने वाढवून परत पाठवतो. पूर्वी पहिला निरोप येताच यजमानाचा कर्नेल स्मृतीत जागा राखी आणि तिसऱ्याची वाट पाही. ही जागा मोजकीच असे. कोणी खोट्या पत्त्यांवरून पहिल्या निरोपांचा भडिमार केला, तर तिसरा निरोप येतच नसे. जागा भरून जाई आणि खरा पाहुणा दाराबाहेर राही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट पुरवणाऱ्या संस्थेवर असाच मारा झाला व तिची सेवा कित्येक दिवस विस्कळीत झाली.

जागा वाढवावी, तर हल्लेखोरासही निरोप वाढवता येतात. मग उपाय कोणता? त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन व एरिक शेंक यांनी निराळा मार्ग काढला: नोंद ठेवूच नये. यजमानाचा क्रमांक ३२ बिटांचा असतो. बर्नस्टाइन यांच्या मांडणीत ५ बिट काळाची खूण, ३ बिट एका खेपेत किती मजकूर धाडावा याचे माप, आणि उरलेले २४ बिट दोघांचे पत्ते व यजमानाचे गुपित यांवरून काढलेली मोहर. वहीत काही न लिहिता मोहरेची चिठ्ठी पाहुण्याच्याच हाती द्यावी, तसे हे झाले. ती परत आली की हिशोब पुन्हा करावयाचा. जुळला तरच स्मृती खर्चावयाची. या चिठ्ठीस ‘सिन कुकी’ हे नाव मिळाले. फेब्रुवारी १९९७ मध्ये शेंक यांनी ती लिनक्ससाठी सिद्ध केली.

या काटकसरीस किंमतही आहे. ३ बिटांत मापाचे आठच पर्याय मावतात, आणि संभाषण वेगवान करणाऱ्या काही सवलतींची नोंद राहून जाते. यास्तव लिनक्सचा कर्नेल एरवी नोंदच ठेवतो. जागा भरली म्हणजे चिठ्ठी काढतो. निरोपांच्या पुराने वाहिनीच तुंबली, तर तेथे हा उपाय चालत नाही. तथापि अनोळख्याने ओळख पटवण्यापूर्वी त्याच्यासाठी कोठार रिते करू नये, हा व्यवहार या लहानशा क्रमांकाने यंत्रास शिकवला.