रिमोट कुणाच्या हातात?

(रेणापूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



हुंडा, रेशन, पाणी हे विषय सोडून मी आज व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यातल्या काही जणी हसल्या. "पोराटोरांचं खेळणं ते, आपल्याला काय त्याचं?" पण सिनेमाची पोस्टरंही एके काळी आपल्या कामाची नाहीत असंच आपल्याला सांगितलं जायचं. बायकांनी त्या पोस्टरांना काळं फासलं, मोर्चे काढले. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला.

पोस्टर नुसतं बघायचं असतं. गेममध्ये मात्र स्वतः करायचं असतं. बटण दाबणारा हात आपल्या मुलाचा, आज्ञा गेम बनवणाऱ्याची. आपण रेणुकेच्या गावात बसलो आहोत. आज्ञा बापाची आणि परशू मुलाच्या हातात, म्हणजे काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. नव्वदीच्या काळात कॅसेट घालून मुलं मारिओ खेळायची, तोच हा प्रकार. राजकन्येला पळवलं आणि पुरुषानं सोडवलं, ही त्या १९८५ सालच्या मारिओची गोष्ट. आता यंत्रं महाग झाली आहेत, पण शहरात तासाच्या भाड्यानं खेळायला मिळतात. सिनेमासारखी या खेळांचीही परीक्षणं येतात, त्यांना गुण मिळतात. त्यात चित्रं कशी, मारामारी कशी, पैसे वसूल होतात का, हे सगळं असतं. बाईचं काय केलं आहे, हे बहुतेक वेळा शेवटच्या दोन ओळींत, तेही असलं तर.

तीन उदाहरणं देते.

'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा गेम २०१३ साली आला. तीन नायक, तिघेही पुरुष. परीक्षकांनी भरभरून गुण दिले. या खेळात खेळणाऱ्याला वेश्याव्यवसायातल्या बाईकडे जाता येतं आणि नंतर तिला मारताही येतं. २०१४ साली ऑस्ट्रेलियात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी याविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली आणि 'टार्गेट' या मोठ्या दुकानसाखळीनं गेम विक्रीतून काढला. "खेळच तर आहे" असं त्यांनाही ऐकावं लागलं. छेडछाडीची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला आपल्याकडे "गंमत केली असेल" म्हणतात, त्याच चालीवर.

दुसरं उदाहरण 'झेल्डा'चं. १९८६ पासून चाललेली ही मालिका. नाव राजकन्येचं, पण मुख्य खेळांत लढणारा नायक लिंक नावाचा मुलगा. पाटीवर नाव सरपंचबाईंचं आणि कारभार पतीराजांचा, हे आपल्याला ठाऊक आहे, तसंच. २०२४ सालच्या 'एकोज ऑफ विस्डम'मध्ये अखेर झेल्डाच नायिका झाली. ३८ वर्षं लागली. ती वस्तूंच्या प्रतिकृती तयार करून युक्तीनं लढते. परीक्षकांनी या कल्पकतेचं कौतुक केलं, ते योग्यच आहे. पण तलवार हातात घ्यायची तर तिला लिंकसारखं रूप घ्यावं लागतं, तेही थोड्या वेळापुरतं. मला हे खटकतं.

तिसरा गेम आपल्या पुण्यात तयार झालेला: २०२० सालचा 'राजी'. सर्कशीत कसरती करणारी मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. भावानं बहिणीचं रक्षण करायचं, हा राखीचा धडा इथं उलटा होतो. चित्रांची वाहवा झाली. लढाई अडखळते, गोष्ट मध्येच तुटते, अशी टीकाही झाली. माझा प्रश्न वेगळा आहे. राजीला त्रिशूळ दुर्गा देते. देवीच्या कृपेनं लढणारी मुलगी आपल्याला चटकन पटते. स्वतःच्या हक्कासाठी लढणारी पटेल का?

मग बंदी मागायची का? समुपदेशनाच्या कामात मी पाहते, घरात "गेमनं पोरं बिघडली" अशी ओरड झाली की पहिला मोबाइल काढून घेतला जातो तो मुलीचा. मुलगा खेळतच राहतो आणि त्याला चहा नेऊन द्यायचं काम तिच्याकडे येतं. म्हणून नुसत्या बंदीवर माझा भरवसा नाही.

त्याऐवजी मुलाशेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. यातली बाई स्वतः काही करते, की तिच्यावर फक्त केलं जातं? तिला मारल्यावर खेळणाऱ्याला काय मिळतं? आणि रिमोट घरातल्या मुलीच्या हाती कधी येतो? पहिले दोन प्रश्न गेम बनवणाऱ्यांना आहेत. तिसरा आपल्याला आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला कुठल्या परीक्षकाची गरज नाही.

प्रत्येक गटानं एक गेम तासभर मुलींच्या हाती द्यावा, शेजारी बसून बघावा, आणि आपलं मत लिहून काढावं. शुद्धलेखनाची काळजी करू नका. आजवर या खेळांवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात रेणापूरच्या बाईचं मत अजून यायचं आहे.